अकरावं मरण

अकराव्या मरणाला काचेपलीकडची सगळी माणसं हसली. पहिल्या दहांना कुणाचा ओठही हलला नव्हता आणि त्याचं मला काही वाटलंही नव्हतं. सकाळी दहापासून एका अंधाऱ्या खोलीत उभं राहून ओळीनं दहा वेळा मरणाऱ्या माणसानं कौतुकाची आस धरू नये, एवढं मी वीस वर्षांत शिकलो आहे. समोरच्या पडद्यावर तो लिफ्टवाला होता. सिनेमा असा, की लिफ्ट दुरुस्त करणारा एक साधाभोळा माणूस भाचीच्या व्हिडिओ गेममध्ये अडकतो. गेम म्हणजे नव्वद मजल्यांची इमारत आणि मजल्यागणिक एक बला: तलवारी घेतलेल्या कोंबड्या, कराटे खेळणारी आजीबाई, चावणारी शिडी. बिचारा मेला की टिंग असं वाजतं आणि तो पुन्हा तळमजल्यावर उभा, दर वेळी निराळ्या रंगाच्या चड्डीत. अशी सतरा मरणं. अकराव्यात एक प्रेमळ फ्रीज त्याला मिठी मारतो. पडद्यावर फ्रीजचं दार मिटत आलं, मी माईकसमोर श्वास घेतला आणि माझ्या घशातून बाबांचा आवाज बाहेर पडला. बाबा जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते.

तो आवाज तसा छोटाच. आधी उचकी लागल्यासारखं काहीतरी आणि मग त्याला वर चढत जाणारं शेपूट. कुणी काही विचारायला तोंड उघडावं आणि विचारायचं काय तेच विसरून जावं, असा. ऐकणाऱ्याला हसू यावं असाच आहे तो, लोकांचा त्यात दोष नाही. काचेपलीकडे डबिंगच्या दिग्दर्शिका बाई खुर्चीत मागं रेलून हसत होत्या, त्यांच्या हातातले कागद मांडीवरून घसरले. आवाज नोंदवणारा कानसेन, जो माणूस हसला तर स्टुडिओत बातमी होते, तोसुद्धा मान खाली घालून खांदे हलवत होता. काचेतून हसू ऐकू येत नाही. नुसती तोंडं उघडी दिसतात आणि दात दिसतात. मग हेडफोनमध्ये खट्कन आवाज झाला आणि कानसेनचा घोगरा सूर आला, की हे कुठून काढलंस बाबा? मी म्हटलं, आलं. तो म्हणाला, आलं तर राहू दे, परत घेत नाही. उरलेली सहा मरणं मी पाट्या टाकल्यासारखी उरकली आणि पाणीसुद्धा न पिता बाहेर पडलो.

माझं काम लोकांना सांगायला गेलं की आधी त्यांना वाटतं मी थट्टा करतोय. सिनेमाच्या नायकाला आवाज देणारे मोठे नट असतात. त्यांचे घसे म्हणजे लाखमोलाचे. दोन तास किंचाळलं तर आठवडाभर घसा बसतो, म्हणून बोलण्याचं सगळं ते बोलतात आणि पडणं, आपटणं, बुडणं, भाजणं, मरणं एवढं माझ्याकडे येतं. नायक 'मी येतोय' म्हणतो तो एक माणूस, आणि पुढच्या क्षणी जिन्यावरून गडगडतो तो मी. पडद्यावर आमची नावं येतात तेव्हा माझं येत नाही, कारण मरताना नायकाचा आवाज दुसऱ्याचा होतो हे प्रेक्षकांना कळू द्यायचं नसतं. स्टुडिओत मला सगळे अमर म्हणतात. पहिल्यांदा ज्यानं म्हटलं त्याला फार मोठा विनोद केल्यासारखं वाटलं असेल. आता तर नव्या लोकांना ते माझं खरंच नाव वाटतं. माझी तक्रार नाही. मला बोलायला कधीच नीट जमलं नाही, वाक्याच्या मध्येच मी कोरडा पडतो. किंचाळायला मात्र मला कधी अडलं नाही.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पुढच्या सीटवरच्या बाईंना शिंक आली आणि माझ्या घशानं ती शिंक आतल्या आत उचलली, एकदा फिरवून पाहिली, ठेवून दिली. ही खोड जन्माची आहे. वेगळा आवाज कानावर पडला की मी तो तोंड मिटून, घशातल्या घशात करून बघतो. जमला तर तो माझा, पुन्हा कधीही काढता येतो. खोड बाबांची. ते टाइपरायटर दुरुस्त करायचे. आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत दोन खोल्यांच्या दुकानात चार पिढ्यांची यंत्रं उघडी पडलेली असायची आणि बाबा एका यंत्राशी कान लावून, डोळे मिटून एकच कळ पुन्हा पुन्हा दाबत बसायचे. मग गिऱ्हाइकाला सांगायचे, हे बघा, तुमचं यंत्र असं म्हणतंय, आणि तोंडानं हुबेहूब तो आवाज काढायचे: टक्, आणि मागून बारीकसं टिक्. म्हणायला असं हवं, असं म्हणून निरोगी यंत्राचाही आवाज काढून दाखवायचे. गिऱ्हाईक थक्क व्हायचं. मी शाळेतून परस्पर दुकानात जायचो आणि स्टुलावर बसून तेच करायचो. बाबा मान वर न करता म्हणायचे, शेपूट चुकलं, पुन्हा कर. एरवी ते फारसं बोलणारे नव्हते. घरी येऊन जेवून पेपर डोळ्यांसमोर धरला की संपलं. माझ्याशी ते आयुष्यात जेवढं बोलले असतील त्यातलं निम्मं 'पुन्हा कर' एवढंच असेल. पुढं ती यंत्रं भंगारात गेली, दुकानही गेलं, आणि उरलेलं एक यंत्र बाबांनी घरी आणून खिडकीपाशी ठेवलं. रोज दुपारी ते त्याला तेल घालायचे. त्यावर कुणी काही लिहीत नव्हतं.

त्या दुपारी आई चष्म्याच्या दुकानात गेली होती. साडेतीन वाजले असतील. मी बाहेरच्या खोलीत पुढच्या दिवसाचे कागद वाचत होतो. बाबांनी यंत्राला तेल घातलं आणि हात धुवायला न्हाणीघरात गेले. नळ सुरू झाल्याचं मी ऐकलं. साबण खाली पडल्याचंही ऐकलं. आणि मग तो आवाज आला. मी खुर्चीतून उठलो, पाच-सहा पावलं चालून न्हाणीघराच्या दाराशी गेलो, हे खरं आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. आणि दाराशी उभं राहून मी तो आवाज घशात करून बघितला. मी बाबांना हाक मारली नाही, दार ढकललं नाही. बाबा घसा साफ करत असतील, पाण्याचा घोट उलटा गेला असेल, असं काहीतरी डोक्यात होतं म्हणावं तर तेही नव्हतं. डोक्यात फक्त तो आवाज होता. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. पहिल्या वेळेला त्याचं शेपूट चुकलं. मी पुन्हा केला. दुसऱ्या वेळेला बरोबर आला, अगदी अचूक, आणि मला बरं वाटलं. चांगली वस्तू हाताला लागल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. मी चक्क हसलो असेन. मग लक्षात आलं की नळ नुसताच वाहतोय, पाण्यात हात फिरल्याचा आवाज नाही. तेव्हा मी दार ढकललं.

नंतर घड्याळ लावून मी ते सगळं मोजलं आहे. एकदा नाही, अनेकदा. खुर्चीतून उठणं, चालणं, थांबणं, पहिला प्रयत्न, दुसरा प्रयत्न, तो आनंद, नळ. माझ्या धंद्यात सेकंदाचे चोवीस तुकडे मोजतात, त्यातला एखादा तुकडा जरी सरकला तरी ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे होतो. तेव्हा मोजण्यात माझी चूक होणार नाही. बावन्न सेकंद. डॉक्टर म्हणाले होते, एवढा मोठा झटका होता की कुणी असतं तरी काही झालं नसतं. मग म्हणाले, तसं लगेच छातीवर दाब दिला तर कधी कधी एखादा, आणि माझ्याकडे बघून थांबले. सभ्य माणूस. पण ते वाक्य त्यांनी अर्धं सोडलं आणि ते माझ्या कानात तसंच अर्धं राहिलं आहे. मी ते पुरं करत बसतो. दिवसभर काम नसलं की तेवढंच काम असतं.

आईला मी सांगितलं की काही आवाजच आला नाही. नळ बराच वेळ चालू राहिला म्हणून मी बघायला गेलो, तर बाबा गेलेले होते. खोटं बोलायचं असं ठरवून बोललो नाही. ती रिक्षातून उतरून जिना चढत आली, दाराशी चपलांची गर्दी बघून तिथंच थबकली आणि तिनं पहिला प्रश्न हाच विचारला, की शेवटी काही बोलले का? मी म्हटलं, काही नाही, आवाजसुद्धा आला नाही. आवाज आला असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू काय केलंस. त्यानंतर सात आठवड्यांत तिनं तोच प्रश्न किती तऱ्हांनी विचारला. भाजी निवडताना मान खाली घालूनच, की निदान 'अगं' असं काही? शेजारणींना सांगताना माझ्याकडे बघत, की गेले हो बिनबोभाट, हूं की चूं केलं नाही, आणि मी मान हलवेपर्यंत तिची नजर माझ्यावरून हलायची नाही. एकदा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, बेचाळीस वर्षं मी त्यांच्या खोकल्यानं जागी होत होते, आणि जाताना एवढी शांतता कशी काय? मी म्हटलं, होतं असं. तिनं चिमटा लावला. तिला काय हवं होतं ते मला समजत होतं. चष्म्याच्या काचा बदलायला गेलेल्या बाईला आपल्या माणसाचं शेवटचं काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्यापाशी होतं. माझ्या घशात होतं. मी ते तिला देत नव्हतो, कारण त्याला माझे बावन्न सेकंद चिकटलेले होते.

आता ते सिनेमातही गेलं होतं. आई माझा एकही सिनेमा सोडत नाही. बाकी लोक गोष्ट बघायला जातात, ती माझी मरणं शोधायला जाते. अंधारात कोपर मारून म्हणते, हा तू. शंभर माणसं एकदम ओरडली तरी त्यातला मी तिला सापडतो. आणि माझ्या घशातून आलेला असला तरी तो आवाज माझा नव्हता, हे तिला समजायला एक क्षण पुरला असता. बेचाळीस वर्षं जिनं तो घसा ऐकला, तिला काय सांगावं लागणार होतं?

चौथ्या दिवशी मी कानसेनकडे गेलो. त्याच्या खोलीला खिडकी नाही, भिंतींना काळा स्पंज आहे, आणि तिथं बोललेलं तोंडातून पडल्यापडल्या मरतं. मी म्हटलं, ते अकरावं परत घेऊ, घसा बसला होता माझा, खराब आलंय. कानसेननं खुर्ची फिरवून माझ्याकडे पाहिलं. "खराब?" तो म्हणाला, "अरे, वीस वर्षांत तुझं एवढं चांगलं मरण मी ऐकलेलं नाही. बाईंना तर इतकं आवडलंय, की बाराव्यापासून सतराव्यापर्यंत तेच लावलंय. तुझी बाकीची सहा काढून टाकली. प्रत्येक वेळी तोच आवाज आला की लोक जास्त हसतात, तू बघ." आणि त्यानं लावून दाखवलं. शिडी, आजीबाई, सगळ्यांच्या हातून लिफ्टवाला मरत होता आणि दर वेळी बाबा काहीतरी विचारायला तोंड उघडत होते. टिंग. निळी चड्डी. टिंग. पिवळी चड्डी. मी भिंतीच्या स्पंजाला पाठ लावून उभा राहिलो. कानसेन तिसऱ्या वेळी स्वतःशीच हसला आणि मग म्हणाला, की बस ना, असा उभा काय.

मी हट्टच धरला तेव्हा त्यानं बाईंना फोन लावला आणि बाईंनी नवे टेक घ्यायला परवानगी दिली. दोन तास मी मेलो. उचकी निराळी घेतली, शेपूट खाली वळवलं, लांबवलं, तोडलं. एकही बरं आलं नाही. सगळी माणसं जशी मरायचं सोंग करतात तशी ती सोंगं होती. संध्याकाळी बाई आल्या, त्यांनी जुनं आणि नवं दोन्ही ऐकलं आणि कपाळाला आठ्या घालून मला विचारलं, की अहो, खरं सांगा, याला काही कारण आहे का? मनापासून विचारलं त्यांनी. त्यांच्या आवाजात मला कणव ऐकू आली, आणि माझा कान सहसा फसत नाही. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्या क्षणी ते सातही आवाज काढून टाकले असते. मी म्हटलं, कारण काही नाही, जुनंच बरं आहे.

हे मी का म्हटलं ते बसच्या थांब्यावर उभा असताना मला उमगलं, आणि तेव्हापासून मला माझी किळस आली आहे ती गेलेली नाही. मला ते राहायला हवं होतं. वीस वर्षं मी खोटी मरणं विकली, त्यात हे एक खरं होतं, आणि ते अचूक होतं. शेपूटसुद्धा चुकलं नव्हतं. ते पुसलं गेलं असतं तर ते बावन्न सेकंद नुसते वाया गेले असते, आता निदान त्यांचं काहीतरी झालं होतं. माणूस इतका हलकट असू शकतो आणि त्याच वेळी रडू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. थांब्यावरच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, की बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, धूळ गेली. त्यांनी रुमाल पुढं केला. मी त्यात नाक शिंकरलं आणि तसाच परत कसा द्यायचा म्हणून खिशात ठेवून घेतला.

उरला मार्ग एकच होता, आईला येऊ न देणं. सिनेमा लागायच्या आधी काम केलेल्या लोकांच्या घरच्यांसाठी एक खेळ ठेवतात. आईचा त्या खेळावर हक्कच आहे, ती माझ्या बरोबरच्यांना नावानिशी ओळखते. मी म्हटलं, यंदा नको, फालतू सिनेमा आहे, मुलांचा धांगडधिंगा. म्हणाली, मग बरंच, डोकं चालवायला नको. मी म्हटलं, तिथं थंडी फार असते. म्हणाली, शाल घेते. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, दोन महिने झाले नाहीत आणि ही विनोदी सिनेमाला निघाली. तेव्हा ती थांबली. हातातली ताटली तिनं पालथी घातली, हात पुसले आणि म्हणाली, "लोकांचं राहू दे. तू या घरात दोन महिने माझ्याकडे बघून बोललेला नाहीस. मला वाटतं तुला मी नकोशी झालेय. निदान तिथं अंधारात तुझा आवाज तरी ऐकते." रविवारी सकाळी साडेदहाला ती चांगली साडी नेसून, नव्या चष्म्याच्या काचा पुसत दाराशी उभी होती.

थिएटर लहान होतं आणि मुलांनी भरलेलं. कानसेन सहकुटुंब पुढच्या रांगेत होता, त्यानं वळून आईला नमस्कार केला. बाई तर आईजवळ येऊन म्हणाल्या, की तुमच्या मुलानं कमाल केलीय हो, तुम्ही बघाच. आई संकोचून हसली. दोन महिन्यांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग अंधार झाला. लिफ्टवाला गेममध्ये पडला, मुलं खिदळायला लागली. पहिल्या मरणाला आईचं कोपर माझ्या बरगडीला लागलं. हा तू, ती पुटपुटली. दुसऱ्याला लागलं, तिसऱ्याला लागलं. चौथ्याला कोंबड्या आल्या तेव्हा ती स्वतःच मोठ्यानं हसली, पदर तोंडाला लावून. मी मोजत होतो. सहा, सात. उठून बाहेर जावं, पोटात दुखतंय म्हणून तिलाही बाहेर न्यावं, हे सगळं मला सुचत होतं, आणि मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसलो होतो. त्या दिवशी दाराशी उभा होतो तसाच. आठ. नऊ. दहाव्याला तिचं कोपर लागलं. मग तो फ्रीज हात पसरून आला आणि पोरांनी आधीच हसायला सुरुवात केली.

आवाज झाला. थिएटर फुटल्यासारखं हसलं. आईचं कोपर आलं नाही.

मी मान वळवली नाही. समोर टिंग झालं, लाल चड्डी आली, लिफ्टवाला धडपडत उठला. बाराव्या मरणाला शिडी त्याला चावली आणि तोच आवाज पुन्हा आला, आता पोरं तो येणार हे ओळखून त्याची वाट बघत होती, आणि मागच्या रांगेतल्या एका पोरीनं तो तोंडानं काढूनही पाहिला. तिचं शेपूट चुकलं. तेराव्याला निम्मं थिएटर तो आवाज काढत होतं. मी आईकडे बघितलं. पडद्याचा उजेड तिच्या चष्म्यावर होता, त्यामुळे डोळे दिसत नव्हते. ती किंचित पुढं झुकली होती आणि तिनं मान एका बाजूला कलती केली होती, पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारतंय का ते ऐकावं तशी. तिचे ओठ मिटलेले होते. चौदाव्या मरणापर्यंत ती तशीच राहिली. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"म्हणजे आवाज आला होता."

मी म्हटलं, "हो."

"तू दाराशी होतास."

"हो."

पडद्यावर कराटेवाली आजीबाई हवेत उडाली. पंधरावं. लोकांच्या हसण्यात तो आवाज बुडून गेला, ऐकूसुद्धा आला नाही. ते सगळं ओसरेपर्यंत आई थांबली. मला ती लहानपणापासून ओळखते. जेवताना आवाज काढण्याच्या नादात माझा घास अडला तर 'आधी गिळ, मग आवाज काढ' म्हणून पाठीत धपाटा घालणारी बाई ती. तिला मी काही समजावून सांगावं लागणार नव्हतं.

"किती वेळा करून पाहिलास?" तिनं विचारलं.

"दोनदा," मी म्हटलं. "पहिल्यांदा चुकला."

मी वाट बघत होतो. ती उठून जाईल, इथंच सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारेल, किंवा रडायला लागेल. यातलं काहीही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, मी त्यासाठी बसल्या जागी अंग आवळून तयार होतो. सोळावं मरण येऊन गेलं. कानसेननं मागं वळून मला अंगठा दाखवला. सतराव्याला लिफ्टवाला नव्वदाव्या मजल्यावरून सावकाश खाली येत राहिला, एकेक मजला, एकेक खिडकी, आणि सगळी पोरं श्वास रोखून थांबली. आईनं माझा हात धरला. तिची बोटं गार पडली होती आणि तिनं ती इतक्या जोरात आवळली, की माझी अंगठी बोटात रुतली. आवाज आला, थिएटर पुन्हा फुटलं, आणि त्या गलक्यात ती माझ्या कानाशी झुकली.

"घरी गेल्यावर मला एकदा करून दाखव," ती म्हणाली. "इथं माणसं हसतायत. मला नीट ऐकू येत नाही."